सरळ रस्त्यांच्या मुलखात मिशेलिन रोड 5

नागपूरहून हिंगणघाट, वडनेर करत पांढरकवड्याकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग 44 वर गाडी झुकवायची वेळ क्वचितच येते. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून आपला लांबचा प्रवास अशाच जुन्या महामार्गांवर होतो. सरळ रस्त्यावर मागचा टायर मधोमध घासतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. हळूहळू गोलाई जाऊन टायर चपटा होतो. मग परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पहिल्याच वळणावर जाणवतं: गाडी आधी झुकायला नाखूष असते आणि चपट्या भागाची धार ओलांडली की एकदम पडल्यासारखी होते. खाचांची खोली शिल्लक असली तरी असा टायर वळणासाठी संपलेला असतो.

डॉमिनार 400 किंवा ड्यूक 390 वाल्यांनी मिशेलिन कंपनीच्या रोड 5 टायरचा विचार करायचा तो याच दुखण्यासाठी. 2018 मध्ये आलेल्या या स्पोर्ट टुरिंग (लांबचा प्रवास आणि वळणं दोन्हींसाठीच्या) टायरमध्ये दोन प्रकारचं रबर आहे: मध्ये टिकाऊ, कडेला मऊ. मागच्या टायरमध्ये मधलं टणक रबर कडेच्या मऊ रबराखालीही पसरवलेलं आहे, त्यामुळे झुकवून गॅस दिला तरी कड लवत नाही. चपटेपणा याने टळत नाही, लांबतो. इथल्या रस्त्यावर तेवढंही मोलाचं आहे.

पावसात हा टायर खरा उजवा ठरतो. याच्या बारीक खाचा वरून अरुंद आणि खाली रुंद आहेत, म्हणून टायर झिजत जातो तशा त्या उघडतात आणि पाणी काढण्याची ताकद टिकते. 5000 किमी चाललेला रोड 5 ओल्या रस्त्यावर याच्या आधीच्या पायलट रोड 4 च्या नव्या टायरइतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा आहे. जुलैत ओल्या काँक्रीटवर ब्रेक दाबणाऱ्याला अर्ध्या आयुष्यातली ही पकड फार महत्त्वाची.

काळ्या मातीत मात्र याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला गाळ रस्त्यावर असतो. तो या बारीक खाचांत बसला की पकड जाते आणि डांबरावर थोडं अंतर जाईपर्यंत परत येत नाही. ज्यांना रोज पांदण रस्त्याने शेतात जायचं आहे त्यांनी हा टायर घेऊ नये, मोठ्या ठोकळ्यांचा ड्युअल पर्पज (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर घ्यावा. पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटं, बाभळीचे काटे यांच्यापुढे तर कोणताही रस्त्याचा टायर सारखाच.

नवा टायर घेण्याआधी जुना नीट वाचा, नाहीतर नव्याचंही तेच होईल. मधली पट्टीच लवकर गेली असेल तर सरळ रस्त्यासोबत जास्त हवेचाही वाटा असू शकतो. मधला भाग शाबूत आणि दोन्ही बाजू झिजलेल्या असतील तर हवा कमी असण्याची शक्यता असते. पुढच्या टायरवर हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर कमी हवा, थकलेलं सस्पेन्शन किंवा बिघडलेलं बॅलन्सिंग तपासा. खाचेतली उंच पट्टी म्हणजे झिजेची खूण. रबर तिच्या पातळीला आलं की टायर संपला, पण पावसाळ्याआधी खाचांची खोली 2 मिमीच राहिली असेल तर तेव्हाच बदलावा.

हवेबद्दल आपल्याकडे एक घातक समजूत आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, टायर फुटणार नाही. खरं उलट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि 45 अंशांच्या चंद्रपुरात तीच टायरचा जीव घेते. सकाळी, गाडी हलवण्याआधी, पुस्तिकेत दिलेला दाब भरा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब काही पीएसआयने वाढलेला दिसणारच, तेव्हा हवा काढू नका.

डॉमिनार 400 आणि ड्यूक 390 या दोन्ही गाड्यांना पुढे 110/70 आर 17 आणि मागे 150/60 आर 17 लागतो. रोड 5 च्या मागच्या टायरवरचा 66 म्हणजे 300 किलो भार, पुढच्यावरचा 54 म्हणजे 212 किलो. त्यापुढचं डब्ल्यू हे अक्षर म्हणजे कमाल वेग 270 किमी प्रतितास, आपल्याला निरुपयोगी. त्या अक्षरासाठी जादा पैसे मोजू नका. 150 च्या जागी 160 बसवून गाडी भारी दिसते, पण रिम अरुंद पडून टायरचा आकार बिघडतो. पुढे रेडियल (मापात आर असलेला) आणि मागे साधा बायस (आतले धागे तिरके असलेला) अशी जोडीही लावू नका.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे आधी बघा. 2325 म्हणजे 2025 च्या 23 व्या आठवड्यातला. याच्या पुढचा रोड 6 आल्यापासून, म्हणजे 2022 नंतर, जुना साठा खपवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून दोन वर्षांपेक्षा जुना माल किंमत उतरल्याशिवाय उचलू नये. रोड 6 तुमच्या मापात मिळाला तर आधी तोच बघा.

बसवायचं काम मात्र गावातल्या टॉमीवर (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीवर) सोडू नका. अलॉय रिमची कड एकदा चिरली की हवा झिरपते आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) जाळीदार कडी वाकली तर खर्च वेगळाच. नागपूर-अमरावतीला मशीनवर बसवून घ्या. व्हॉल्व्ह नवा टाका, पिवळा ठिपका असल्यास व्हॉल्व्हजवळ आणा, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते बघा आणि बॅलन्सिंग करून घ्या. मागचं चाक लावल्यावर चेनचा ताण आणि चाकाची सरळ रेषा दोन्ही तपासा, कारण वाकडं बसलेलं चाक नवा टायर एका बाजूने खातं.

पहिले दीडशे किमी सावकाश. नव्या रबराचा पृष्ठभाग चकचकीत असतो, तो थोडा खरवडला जाईपर्यंत जोराचा ब्रेक आणि मोठी झुकाई टाळा.

हवा भरायचा छोटा पंप आणि दोरीचं पंक्चर किट सीटखाली ठेवा. दोरी फक्त मधल्या भागातल्या भोकाला, तेही 6 मिमीपर्यंतच. घरी पोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) लावून घ्या. बाजूच्या भिंतीला काटा गेला असेल तर तो टायर दुरुस्त होत नाही.