‘मेमरी आयसी’च्या नावाखाली 13,300 रुपये

जुना हार्डवेअर सिक्वेन्सर (वादन साठवून ते हवे तेव्हा वाजवून घेणारे यंत्र) किंवा ऱ्हिदम मशीन अजून वापरणाऱ्या नाशिकमधील वादकांनी हे वाचावे, कारण शे-दीडशे रुपयांच्या बॅटरी सेलने जे काम झाले असते त्यासाठी माझ्याकडून 13,300 रुपये उकळण्यात आले: आगाऊ 1,500, ‘मेमरी आयसी’चे (साठवणुकीच्या चिपचे) 6,800 आणि ‘डेटा रिकव्हरी’चे 5,000. तक्रार प्रलंबित असल्याने दुरुस्तीच्या त्या दुकानाचे नाव येथे लिहीत नाही.

माझ्याकडे अलेसिस कंपनीचा एमएमटी-8 हा सिक्वेन्सर आहे. 1987 साली आलेल्या या आठ ट्रॅकच्या यंत्राला स्वतःचा आवाज नाही. कोणता स्वर केव्हा वाजवायचा एवढे ते मिडीवरून (वाद्ये आणि संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या पद्धतीने) की-बोर्डला आणि ऱ्हिदम मॉड्यूलला सांगते. आपण भरलेले पार्ट (वादनाचे तुकडे) आणि गाणी रॅममध्ये, म्हणजे मेमरी आयसीत, राहतात, आणि मशीन बंद असताना ती रॅम जागी ठेवण्याचे काम आतील 3 व्होल्टचा लिथियम सेल करतो. नवरात्रानंतर पेटीत ठेवलेले मशीन लग्नसराईच्या तोंडावर बाहेर काढले, तर एकही पार्ट शिल्लक नव्हता. लावण्यांचे ठेके, भावगीतांचे पार्श्वसंगीत, कालिदास कलामंदिरातील कार्यक्रमासाठी बसवलेली अख्खी मालिका, सगळे गेले होते.

आता जी गोष्ट आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते, ती सांगतो. दुकानदाराने माझ्यासमोरच मशीन लावले आणि मला चार मात्रांचा एक ठेका भरायला सांगितला. मी तो भरला, आणि आम्ही बोलत होतो तोवर तो ठेका एकही मात्रा न चुकता फिरत राहिला. मग त्याने अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा लावला, ठेका नाहीसा झाला, आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “बघा साहेब, मेमरी आयसी गेली.” अहो, आयसी गेली असती तर तो ठेका इतका वेळ वाजला कशाच्या जोरावर? मशीन चालू असताना सर्व ठीक आणि बंद करताच कोरे, याचा अर्थ आधी सेल, फार तर सेलपासून रॅमपर्यंतचा मार्ग. चालू असतानाच नोट बिघडत असतील, पार्ट एकमेकांत मिसळत असतील, तरच आयसीवर किंवा वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. हा पुरावा माझ्या कानांवर आदळत होता आणि मी मान डोलावत होतो. पण ज्याचे काम सुरांशी आहे त्याने सर्किटही ओळखावे, ही अपेक्षा कोणी करू नये. त्या ज्ञानासाठीच तर आपण कारागिराला पैसे मोजतो.

याहून मोठी लूट ‘रिकव्हरी’ची. जुनी आयसी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरील ‘लॅब’मध्ये पाठवून गाणी काढून देतो, असे त्याने सांगितले. वीज तुटलेल्या रॅममध्ये काढण्यासारखे काही उरतच नाही. ती हार्ड डिस्क नव्हे, पाटी आहे, आणि ती पुसली गेली होती. सेल संपलेल्या मशीनमधून गाणी परत आणून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मला शेवटी “आयसी पूर्ण डेड निघाली, पण लॅबचा चार्ज द्यावाच लागतो” असे ऐकवण्यात आले. जुनी आयसी परत मागितली, तर ती लॅबनेच ठेवून घेतली म्हणे. काढलेला भाग हातात मिळाल्याशिवाय बिल चुकते करू नये.

मशीन परत आले तेव्हा पार्ट टिकत होते, म्हणून संशय आला नाही. काही आठवड्यांनी ते पुन्हा कोरे झाले, तेव्हा नाशिकरोडच्या एका जुन्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर ते उघडले. रॅमच्या दोन्ही आयसी मूळच्याच होत्या. वर 8832 असा छापा, म्हणजे 1988 च्या 32 व्या आठवड्याचा माल, आणि पायांवर कारखान्यातील एकसारखे सोल्डर, ज्याला कोणी हातही लावला नव्हता. बदलला होता तो फक्त सेल, आणि तोही साध्या नाणेसेलवर थेट तारा डागून. त्यातील एक तार सुटली होती. तारा डागतानाच्या उष्णतेने सेल खराब होतो, फुटूही शकतो, म्हणून पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्यावा किंवा होल्डर बसवून घ्यावा.

पोलीस ठाण्यातील अनुभव तर वेगळाच. सिक्वेन्सर म्हणजे हार्मोनियमचाच प्रकार का, या प्रश्नाने सुरुवात झाली. साहेब सिंहस्थाच्या बैठकीला गेले आहेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण हा दिवाणी वाद आहे, असे त्यांचे मत पडले. खोटे सांगून पैसे काढणे ही फसवणूक असून तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, हे मी नम्रपणे सांगितले, तेव्हा “मग तुम्हीच तपास करा” असे उत्तर मिळाले. पक्के बिल कोठे आहे, असे विचारले गेले. कच्च्या चिठ्ठीवर ‘आयसी चेंज’ असे दुकानदाराच्या अक्षरात लिहिलेले आहे आणि 6,800 रुपये यूपीआयने गेल्याची नोंद आहे, हे दाखवले, तरी अर्जावर पोच द्यायला टाळाटाळच झाली. वीस हजारांच्या आतली रक्कम म्हणजे यांना रक्कमच वाटत नाही. उरलेले 6,500 मी रोख दिले होते. तुम्ही तसे देऊ नका, कारण आता दुकानदार ते मिळालेच नाहीत असे म्हणतो.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते, हे मला पोलिसांनी नव्हे, एका तबलजी मित्राने सांगितले. तक्रारीसोबत छापा स्पष्ट दिसेल असे आयसींचे फोटो जोडले आहेत. मशीन दुरुस्तीला देण्यापूर्वीही असेच फोटो काढून ठेवा, आणि मशीन धडधाकट असतानाच सारे पार्ट मिडीने संगणकावर उतरवा. एमएमटी-8 मध्ये ती सोय पहिल्यापासून आहे. नवे ठेके मी आता त्याच दिवशी उतरवून ठेवतो.