‘भूत’: भाडं एवढं कमी का?

भाड्याची घरं दाखवणं हा माझा धंदा. त्यामुळे राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३) बघताना भुताच्या आधी माझ्या डोळ्यांत भरलं ते भाडं. मुंबईत उंच इमारतीतला एवढा ऐसपैस फ्लॅट आणि भाडं इतकं कमी? मालक ठक्कर काही लपवत नाही. इथे राहणारी मनजीत नावाची विधवा पोटच्या मुलाला मारून स्वतःही जीव देऊन गेली, असं तो विशालला सांगून टाकतो. विशालचा (अजय देवगण) भुताखेतांवर विश्वास नाही. तो घर घेतो आणि बायकोला, स्वातीला, यातलं एक अक्षर सांगत नाही.

सिनेमातली माझ्या मते सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच. घर बघायला जोडपी येतात तेव्हा बाई ओट्याजवळ उभी राहून नळ सोडून बघते, कपडे वाळत कुठे घालायचे ते विचारते आणि नवरा मला बाजूला घेऊन म्हणतो, ‘डिपॉझिटचा आकडा तिच्यासमोर नको.’ हे मी किती वेळा ऐकलंय! हेतू वाईट नसतो, विशालचाही नाही. पण दिवसभर त्या घरात एकटी राहणार ती स्वाती. पुढे तिला कळतं तेव्हा ती जी भडकते, तो राग मला शंभर टक्के पटला.

स्वाती झालेली ऊर्मिला मातोंडकर या सिनेमात विलक्षण आहे. समीक्षकांचं फिल्मफेअर तिला यासाठीच मिळालं, आणि ते योग्यच झालं. आधी घर मनासारखं लावणारी हसरी बायको, मग उगाच दचकणारी, मग आपल्याच नवऱ्याला अनोळखी वाटणारी बाई. हा बदल ती एका झटक्यात करत नाही. नजर आधी बदलते, चाल बदलते, आवाज सगळ्यात शेवटी. रात्री ती उठून निघते आणि विशाल मागोमाग जातो, तेव्हा अजय देवगणच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त दिसतो. त्याने फार आवाज न करता केलेलं हे काम मला फार आवडलं.

आणखी एक गोष्ट बिनचूक पकडली आहे. डॉक्टर (व्हिक्टर बॅनर्जी) उपचार करत राहतात, इन्स्पेक्टर कुरेशी (नाना पाटेकर) नवरा-बायकोवर संशय घेत राहतो, पण स्वाती हुबेहूब मनजीतसारखी ओरडतेय हे ओळखते ती कामवाली. सीमा बिस्वास त्या भूमिकेत आहे. बिल्डिंगमध्ये कोणत्या घरात काय घडलं हे सेक्रेटरीच्या आधी कामवाल्या बायकांना ठाऊक असतं. मीसुद्धा नवीन इमारतीत आधी त्यांच्याशीच बोलते.

गाणं एकही नाही. त्या काळच्या हिंदी सिनेमात असं करायला हिंमत लागायची. त्यामुळे लिफ्ट, जिना, रात्रीचा हॉल या रोजच्या जागा मनात घर करतात. तक्रार आवाजाबद्दल आहे. नुसत्या शांततेने अंगावर काटा आला असता अशा जागीही कानठळ्या बसवणारा दणका दिलाय. मध्यंतरानंतर मांत्रिक सरिता (रेखा) आली की घराची भीती मागे पडते आणि गुन्ह्याचा तपास सुरू होतो. तो भाग मला जरा लांबल्यासारखा वाटला. तनुजा मात्र मनजीतच्या आईच्या छोट्याशा भूमिकेत लक्षात राहते.

खरं काय घडलं ते इथे सांगत नाही. पोरांना घेऊन बघू नका, वॉचमनचा प्रसंग त्यांच्यासाठी नाही. नवीन घरात राहायला जाणार असाल तर दोघांनी मिळून बघा, आणि आधीच्या भाडेकरूने घर का सोडलं हे मालकाला दोघांच्या देखत विचारा.