हेड उतरवलंच नव्हतं

गाडीची किरकोळ कामं मी घरीच करतो. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग. त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढताना अर्धा फेरा फिरून जागीच रुतला, तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की हे माझ्याच हातून बिघडलं. नंतरची सगळी फसवणूक या एका भावनेवर उभी राहिली, म्हणून ती आधी सांगतो.

प्लग इरिडियमचे होते, लाखभर किलोमीटर चालणारे. साहजिकच इतकी वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. प्लगचं अंग स्टीलचं आणि इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं जाड झाकण, अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, त्यात उष्णता आणि ओल. आट्यांमध्ये पांढुरकी भुकटी धरते आणि प्लग हेडला चिकटून बसतो. इंजिन पूर्ण गार होतं, पाना नीट बसला होता, तरी 'कर्र' आवाज आला आणि पुढे हालेना. मी थांबलो. तिथे जोर केला असता तर हेडचे मऊ आटे प्लगबरोबर सोलून आले असते. प्लगच्या खोबणीत गंज सोडवणारं तेल थोडं सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं.

सकाळी पुन्हा पाना लावायची हिंमत झाली नाही. ओळखीतून एका मेकॅनिकचं नाव कळलं होतं, तो गाडी ओढून घेऊन गेला. नवे प्लग मीच आणलेले होते, तेही त्याच्याकडे दिले.

संध्याकाळी त्याचा फोन. "दादा, प्लग आत तुटला. काढायला एक्स्ट्रॅक्टर घातला, तोही आतच मोडला. तुम्ही आधी जोर लावलात ना, त्याने आटे गेले होते. आता हेड उतरवल्याशिवाय इलाज नाही."

यातलं प्रत्येक वाक्य शक्य कोटीतलं होतं, म्हणून तर मी फसलो. प्लग खरंच तुटतात. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्याला चावत नाही. आटे गेले तर भोक मोठं करून आत नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवतात, हेही मला माहीत होतं. आणि 'तुम्ही जोर लावलात' हे ऐकल्यावर माझ्या तोंडून पुढे प्रश्नच निघेना. त्याने टेबलावर ठेवलेल्या हेडचा एक फोटोही पाठवला. मी तो पाहिला आणि 'करा' म्हणालो.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. बिलावर एकच ओळ, 'इंजिन हेड काम, सामानासह'. जुनं गॅस्केट, म्हणजे हेडखालच्या सांध्यातलं पातळ सील, आणि तुटका प्लग मागितला तर म्हणाला, भंगारात गेलं. रक्कम एवढी होती, की पुढचे काही महिने घरातले दुसरे खर्च पुढे ढकलावे लागले.

आठ महिन्यांनी डिकीत जॅक शोधताना स्टेपनीच्या मागे नव्या प्लगांचा रिकामा खोका सापडला. रिकामा नव्हताच तो. आत चार जुने प्लग होते, चारही अखंड. एकाच्या आट्यांत ती पांढुरकी भुकटी भरलेली आणि षटकोनावर माझ्या पान्याचा ताजा ओरखडा. त्याच्या हाताखालच्या पोराने सवयीने जुने प्लग खोक्यात घालून डिकीत ठेवून दिले असणार. तो प्लग मी किती वेळ हातात फिरवत उभा होतो, सांगता येणार नाही.

दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. काकांनी हत्यार उचललंच नाही, नुसता टॉर्च मारला. हेड आणि त्याखालचा इंजिनचा ब्लॉक यांच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ एकसंध बसलेला होता, कुठे चीरसुद्धा नाही. हेड उतरवायचं तर एक्झॉस्ट सोडवावाच लागतो, वरून नाही तर खालून. इथे दोन्हीकडचे नट गंजून लाल झालेले, त्यांच्या कडांवर पान्याची एक खूण नाही. मग त्यांनी फोटो मागितला. "तुमच्या इंजिनला दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत. या हेडला दोनच दिसतायत." आठ महिने तो फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी मोजलेच नव्हते.

पहिल्याला फोन केला. "तो प्लग दुसऱ्या गाडीचा असेल," म्हणाला. फोटोचं विचारल्यावर फोन कट, आणि मग उचललाच नाही. बिलावर कामाचा तपशील नसल्याने माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर 'हेड उतरवावं लागेल' हे फोनवर ऐकून हो म्हणू नका. उठा, गाडीपाशी जा आणि मोडलेला एक्स्ट्रॅक्टर त्या भोकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हेड उतरलं की कूलंट काढावंच लागतं, गॅस्केट नवीन लागतंच. या गोष्टी बिलावर वेगवेगळ्या लिहून घ्या आणि जुनं गॅस्केट ताब्यात घ्या, मळकट असलं तरी. फोटो घ्यायचा तर तुमच्याच गाडीची नंबर प्लेट आणि उघडं इंजिन एकत्र दिसेल असा. आणि चूक तुमची होती असं कुणी सुरुवातीलाच ऐकवलं, तर तेव्हाच जास्त प्रश्न विचारा. मला नेमकं तेच जमलं नाही.

शेवटी काकांनी तिसरा प्लग काढला आणि भोकात बारीक कॅमेरा सोडला. इन्सर्ट असता तर वेगळ्या धातूची कडी दिसली असती. तशी काही नव्हती, मूळचेच आटे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "रात्रभर तेल मुरलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग त्याला काहीच करावं लागलं नसेल." प्लग त्यांनी पुन्हा आत सोडला आणि पाना न लावता फिरवायला लागले. तळाला टेकेपर्यंत तो नुसत्या बोटांनी गेला.