फोंड्याजवळचा एक स्टुडिओ : ध्वनिमुद्रण उत्तम, मिश्रणावर लक्ष हवे

रणमाले या लोकनाट्यातील जती (कथागीते) आणि स्त्रियांच्या धालो या लोकनृत्याची गीते नव्या वाद्यमेळात बांधून ध्वनिमुद्रित करण्यासाठी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या मंडळाने फोंड्याजवळचा एक लहान स्टुडिओ निवडला. पुढे तक्रारही करायची असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. मात्र लोकसंगीताचे मुद्रण करवून घेणाऱ्यांना स्टुडिओ निवडताना काय पाहावे, हे या अनुभवावरून ठरवता येईल.

गोव्यातील स्टुडिओची पहिली परीक्षा, माझ्या मते, घुमट या तालवाद्यावर होते. राज्य सरकारने २०१९ मध्ये या वाद्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला, पण ते नीट मुद्रित करणारे लोक अजून थोडेच आहेत. मातीच्या या वाद्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते आणि दुसरे अरुंद तोंड उघडे असते. वादक एका हाताने थाप देतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने उघडे तोंड कमीअधिक झाकून घुमारा बदलतो. चामड्यासमोर एकच माइक उभा केला, की थाप येते आणि घुमारा हरवतो. येथील ध्वनिमुद्रकाने आमच्या वादकाला आधी मनसोक्त वाजवू दिले, त्याचे दोन्ही हात पाहिले आणि मग दुसरा माइक उघड्या तोंडामागे, तळव्याच्या हालचालीला अडथळा होणार नाही इतक्या अंतरावर लावला. दोन्ही माइकांतील आवाज एकमेकांना मारत नाहीत ना, हे त्याने एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवून तपासले. हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण असल्याने आता बकरीचे कातडे वापरले जाते. दमट हवेत ते सैल पडते आणि मुद्रणाच्या वेळी वातानुकूलन यंत्र तर बंद ठेवावेच लागते. म्हणून प्रत्येक गीतानंतर यंत्र चालू करून घुमटे कोरडी होऊ द्यायची आणि तेवढ्या वेळात पुढच्या गीताची उजळणी करायची, अशी व्यवस्था त्याने आखून दिली होती. या विश्रांतीचे पैसे तासाच्या हिशोबात धरले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे क्लिकचा, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्याचा, आग्रह नव्हता. जतीत कथा पुढे सरकते तशी लय हलते. विलापाच्या जागी ती रेंगाळते, युद्धप्रसंगी चढते. ठरावीक ठोक्यावर ती बसवली, की कथेतला जीवच जातो. म्हणून मुख्य गायक, साथीदार, घुमट आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) एकत्र मुद्रित केले आणि कासाळे (झांजा) तेवढे काचेपलीकडच्या खोलीत ठेवले, कारण त्यांचा तीक्ष्ण नाद गायकाच्या माइकात शिरला तर नंतर काढता येत नाही. व्हायोलिन आणि गिटार या मुद्रणावर मागाहून चढवली. मूळ चालीला हात लावायचा नाही आणि दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागाच भरायच्या, एवढेच बंधन आम्ही नव्या बांधणीवर घातले होते.

अडचण सुराची होती. आमच्या ज्येष्ठ गायकांचा षड्ज पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मधोमध लागतो, आणि तेथे पेटी चालत नाही. बहुतेक ठिकाणी गायकालाच 'थोडे वर घ्या' असे सांगतात. येथे वाद्ये जुळवण्याचा ४४० हर्ट्‌झचा प्रचलित मापदंड सोडून ४२७ च्या आसपास संदर्भ धरला गेला आणि दोन्ही तंतुवाद्ये त्यावर जुळवली. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा सूर न बदलता वाद्ये बदलणे, हा निर्णय मला सर्वांत आवडला.

धालोत स्त्रिया समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून आळीपाळीने गातात. त्यांना मुद्रणातही तशाच उभ्या केल्याने ऐकताना ओळ डावीकडून उजवीकडे जाते. खोली मात्र या कामासाठी लहान पडते. मागच्या भिंतीवरून आवाज परतल्याची खूण मुद्रणात राहिली आहे.

आता तक्रार. मिश्रणाचे, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे (मिक्सिंगचे), काम दुसऱ्या माणसाकडे असते आणि त्याने पाठवलेली पहिली प्रत ऐकून आम्ही अवाक् झालो. ओळीच्या शेवटी गायक स्वर हळूच खाली सोडतात, ती उतरण सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने पायऱ्यापायऱ्यांची करून टाकली होती. घुमटाचा खर्ज चित्रपटगीतातल्या ढोलासारखा फुगवला होता आणि न मागितलेला सिंथेसायझर पार्श्वभूमीला पसरला होता. सांगितल्यावर दुरुस्ती झाली, पण तिचे वेगळे पैसे आकारले गेले, आणि ते मला अन्यायाचे वाटते. मिश्रणापूर्वी सूरदुरुस्ती नको हे लेखी द्यावे, आणि प्रत्येक वाद्याची सुटी फाइलही मागून घ्यावी.

करारातील एका कलमाकडेही लक्ष द्यावे. छापील मसुद्यात मूळ मुद्रणाचे हक्क स्टुडिओकडे राहतील असे होते. आक्षेप घेताच ते वगळले गेले. पारंपरिक गीत कोणाच्या मालकीचे नसले, तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचे स्वतंत्र संरक्षण आहे, आणि ज्याने पुढाकार व जबाबदारी घेतली तो निर्माता ठरतो. खर्च मंडळाचा, तर निर्माता म्हणून मंडळाचेच नाव करारात हवे. गायक-वादकांचे कलाकार म्हणून असलेले हक्क याहून वेगळे आहेत. त्यांची नावे प्रत्येक गीतासोबत द्यायची अट आम्ही घालून घेतली.

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. वयस्क कलाकार असतील तर सोबत माणसे न्यावीत. चतुर्थीच्या आधी घुमट आरत्यांच्या मुद्रणासाठी येथे गर्दी असते, त्या काळात वेळ मागू नये. पुढचे मुद्रण आम्ही येथेच करू. मिश्रण मात्र दुसरीकडे देऊ.