अल्टरनेटर गेला नव्हता, बेल्ट सैल होता: वाई एमआयडीसीजवळचे इलेक्ट्रिशियन काका

वाईहून पाचगणीला माझे 60 डबे रोज ओम्नीतून जातात. जुलैच्या पावसात पसरणी घाटात हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागायचा. सकाळी गाडी चालू केली की चीं चीं असा आवाज, शेजारीपाजारी जागे व्हायचे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पण एका गॅरेजमध्ये सीटसुद्धा न उचलता सांगितलं, 'अल्टरनेटर गेलाय, साडेचार हजार लागतील.' याचा मला अजूनही राग येतो. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग.)

काकांनी पहिल्यांदा सीट उचलली. इंजिन बंद ठेवून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने बेल्ट दाबला, तर तो बोटभर आत गेला. "ताई, सात-आठ मिलीमीटर ठीक. हा लोंबतोय." बेल्ट काढून माझ्या हातात दिला. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत. हा व्ही बेल्ट पुलीच्या खाचेत बाजूंनी पकड घेतो, त्या अशा घासल्या की कितीही ताणा, घसरणारच. ओम्नीत इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो. घाटात टेम्परेचरचा काटा का चढत होता, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

नवा बेल्ट चढवून, बोल्ट ढिले ठेवून त्यांनी टॉमीने, म्हणजे लोखंडी दांडीने, अल्टरनेटर बाहेर रेटला. टॉमी लावली ती पुढच्या बाजूला, ब्रॅकेटजवळ. मागचं ॲल्युमिनियमचं कव्हर तडकतं म्हणाले. मी म्हटलं, "काका, अजून आवळा ना." तर म्हणाले, "जास्त ताणला तर अल्टरनेटरचं नाहीतर पंपाचं बेअरिंग ओरडेल." बोल्ट आवळून झाल्यावर परत अंगठ्याने दाबून बघितलं, कारण आवळताना ताण थोडा सरकतो. मग गाडी चालू करून, हेडलाइट लावून बॅटरीला मीटर लावला. आधी 12.2 व्होल्ट दाखवत होता, आता 14.1, म्हणजे बॅटरी नीट चार्ज होत होती.

बेल्ट आणि मजुरी मिळून 450 रुपये झाले. आठवड्याने त्यांनी परत बोलावलं, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो म्हणून. खरंच सैलावला होता. पुन्हा ताणून दिला, पैसे घेतले नाहीत. एवढ्यासाठी कोण बोलावतं हल्ली?

छप्पर नाही, त्यामुळे पावसात काम थांबतं, आणि हात कामात असले की काका फोन उचलत नाहीत. घाट उतरून थेट जाऊ नका. इंजिन गार झाल्याशिवाय ते बेल्टला हात लावत नाहीत, तासभर बसावं लागतं. मी आता सकाळी डबे भरायच्या आधी जाते.

अल्टरनेटर अजून जुनाच आहे.