डॉक्टर समजून घेणारे, काउंटर न समजणारे: लातूरमधील एका रुग्णालयाचा अनुभव

रेणापूर तालुक्यातील आमच्या गावातून आईला लातूरच्या या खासगी रुग्णालयात आणले, तेव्हा तिच्या तळव्याची जखम तीन आठवड्यांची झाली होती आणि तिच्यावर हळद, चुना, मलम असे सगळे प्रयोग होऊन गेले होते. "इतके दिवस काय करत होता?" हे ऐकून घेण्याच्या तयारीनेच आम्ही आत गेलो, पण डॉक्टरांनी तो प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला जागोजागी टेकवला आणि स्पर्श कळतो का, एवढेच विचारले. आईला बहुतेक ठिकाणी काहीच कळले नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, काटा मोडलेला जाणवत नाही आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, हे आम्हाला तिथे उमगले. "माय, आता रोज रात्री आरशात तळवा बघायचा," हे त्यांचे सांगणे आई आजही पाळते.

तक्रार आहे ती त्या खोलीबाहेरची. जखमेतील कुजलेला भाग काढण्यासाठीचे संमतीपत्र इंग्रजीत होते आणि त्यावर भावाची सही घाईने घेतली गेली. रात्री काउंटरवरून आगाऊ रकमेचा तगादा सुरू झाला. सोयाबीन विकल्याचे पैसे आडत्याकडून यायचे होते, त्यामुळे भावाचा आवाज चढला. आमचीही चूक होतीच, कारण गावाकडून आलेला प्रत्येक पाहुणा डॉक्टरांना गाठून तेच तेच विचारत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून खर्चाचा अंदाज लिहून दिला आणि घरातील एकानेच रोज सायंकाळी भेटावे, असे ठरवले. त्यानंतर वाद झाला नाही. हे पहिल्याच दिवशी का होऊ नये?

डॉक्टरांवर हल्ला केल्यास 2010 च्या कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हा फलक काउंटरच्या वर ठळक अक्षरांत आहे, आणि तो असावाच. मात्र 2021 च्या नियमांनुसार दर्शनी भागात हवी असलेली रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक औषधदुकानाच्या उघड्या दारामागे झाकलेले असते. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ती 72 तासांत देणे अपेक्षित असते. आम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाली.

ड्रेसिंगसाठी आई अजूनही इथेच येते. भाऊ सोबत असतो; काउंटरशी मात्र मलाच बोलावे लागते.