नेपोलियन: हिरो की हुकूमशहा? डिबेटला कुठली बाजू घ्यावी

भाचीला कॉलेजच्या डिबेटमधे नेपोलियन आलाय आणि बाजू आपली आपणच निवडायची आहे. "मामा, सोपी कुठली?" म्हणून फोन. सोपी हिरोवालीच, पण सोपी म्हणजे जिंकायला बरी असं नाही, म्हणून दोन्हीकडचा माल मांडतो, अजून कोणाला उपयोग झाला तर झाला.

हिरोवाल्यांचं पहिलं पान म्हणजे कॉर्सिका बेटावरचा पोरगा ३५ व्या वर्षी, १८०४ साली, फ्रान्सचा सम्राट. आणि नुसता स्वतः वर चढला नाही, त्याच्या सेनापतींपैकी (मार्शल) 'ने' नावाचा एक पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, दुसरा म्युरा खानावळवाल्याचा, तो म्युरा तर इटलीतल्या नेपल्सचा राजा झाला. (नेपोलियनची बहीण केली होती त्याने, ते डिबेटमधे सांगू नका. तीन सख्ख्या भावांनाही राजे केलं, तेही नको.)

खरा हुकमी एक्का मात्र १८०४ चा सिव्हिल कोड, म्हणजे नागरी कायद्याची संहिता. आधी फ्रान्समधे उत्तरेत वेगळा कायदा, दक्षिणेत वेगळा, याने सगळ्यांना एक पुस्तक दिलं आणि जन्मावरून मिळणारे विशेष हक्क त्यात ठेवले नाहीत. पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेवरही या कोडची छाप आहे आणि तीच संहिता गोव्यात आली, म्हणजे समान नागरी कायद्यावर भांडताना आपण गोव्याचं उदाहरण देतो त्याच्या मुळाशी थोडा हा माणूस पण आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती त्याच पुस्तकातून सुरू करता येते. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायची असं कलमच आहे त्यात. बायकोने व्यभिचार केला की नवऱ्याला घटस्फोट, पण नवऱ्याने केला तर बायकोला कधी? त्याने ती बाई राहत्या घरात आणून ठेवली तरच! हे वाचून दाखवलं तर हॉलमधल्या अर्ध्या मुली तिथेच तुमच्या बाजूला येतील.

मग पेपर बंद करणं, १८०० साली पॅरिसमधले ७३ पैकी ६० एका फटक्यात. १८०४ ला आंगियाँच्या ड्यूकला, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या राजघराण्यातल्या माणसाला, दुसऱ्या राज्यातून उचलून आणला, रात्रीतच खटला चालवून व्हॅन्सेनच्या किल्ल्याच्या खंदकात गोळ्या घातल्या, खड्डा आधीच खणून तयार होता. रशियाची १८१२ ची मोहीम सगळ्यांना पाठ असते, त्यात वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो गुलामगिरीवर. हिरोवाले हमखास म्हणणार की त्या काळात सगळेच तसे होते, आजची फूटपट्टी लावू नका. इथे त्यांना पकडायचं. फ्रान्सने गुलामगिरी १७९४ लाच रद्द केली होती, म्हणजे फूटपट्टी त्याच काळातली आणि त्याच्याच देशातली, आणि याने १८०२ ला ती परत आणली. ग्वाडलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत जी माणसं आठ वर्षं मोकळी होती त्यांना पुन्हा मळ्यावर नेलं, आणि मग सुटका थेट १८४८ ला. हैती (तेव्हा तीही फ्रेंच वसाहत) इथल्या सुटलेल्या गुलामांचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर, त्याला बोलणी करू म्हणून बोलावून पकडला आणि फ्रान्सच्या डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात डांबला, पुढच्या एप्रिलमधे तिथेच गेला बिचारा. २०२१ ला नेपोलियनच्या २०० व्या पुण्यतिथीला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन पुष्पचक्र वाहायला गेले, पण गुलामगिरी परत आणणं ही चूक होती हे त्यांनाही बोलावं लागलं.

माझं मत विचाराल तर हुकूमशहावाली घ्या. कोड मोठं काम आहे, ते आपणहून मान्य करून टाकायचं, म्हणजे समोरच्याचा एक्का निम्मा तिथेच गेला. पण बोलायला उभं राहिलं की लढायांची नावंच आठवतात असा स्वभाव असेल तर हिरोवाली बरी, ऑस्टरलिट्झवर पाच मिनिटं आरामात निघतात.

भाचीने हुकूमशहा कळवलाय. आता 'लुव्हेर्त्यूर' तोंडात बसत नाहीये, काल रात्रीपासून सहा व्हॉइस नोट आल्यात.